तीन गाठींची साक्ष

दचकू नका, मित्रांनो. मी चाबूक आहे खरा, पण आता फार जुना झालोय आणि कुणाच्या अंगावर जात नाही. माझी मूठ झिजून गुळगुळीत झालीय, वेणीतले दोन पदर उसवलेत आणि तेलपाणी मिळालं नाही की मी थंडीत कडक होतो. वर्षातून एकच दिवस मला काम असतं. पण ते काम असं आहे, की आजवर कुठल्या चाबकाला मिळालं नसेल. ते मी शेवटी सांगणार. आधी सांगितलं तर तुम्ही उठून जाल, आणि मला बढाया मारायच्यात त्या राहून जातील.

माझा जन्म एका खोगीरवाल्याच्या दुकानात झाला. दुकान कसलं, लांबट बोळच तो. दोन्ही भिंतींवर लगाम, पट्टे, रिकिबी लटकलेल्या आणि मधे एका स्टुलावर खोगीरवाला. त्याच्या चष्म्याची एक काडी मोडली होती, तिथे त्याने मेण लावलेला दोरा गुंडाळला होता. आठ पदरांची माझी वेणी घालायला त्याला तीन दिवस लागले. हातभर लांब वेताच्या मुठीवर कातडं चढवलं, टोकाला पितळी बोंड बसवलं, आणि मग दारात उभं राहून त्याने मला एकदा हवेत फिरवलं.

काय आवाज काढला म्हणता मी! समोरच्या न्हाव्याचा हात थांबला, आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची एक मिशी थोडी आखूड झाली ती कायमची.

खोगीरवाला खूश होऊन म्हणाला, "हा वाजवायला केलाय. मारायला नाही."

हे वाक्य मी पुढे बरीच वर्षं विसरलो होतो. तुम्ही लक्षात ठेवा.

मला ज्यांनी विकत घेतलं ते घोड्यांचे मोठे शौकीन होते. घराच्या मागे तबेला, तबेल्यात दोन घोडे, आणि घरात दोन मुलं. थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. वडील मला रोज सकाळी हातात घ्यायचे, पण घोड्याच्या अंगाला कधी लावलं नाही मला. हवेत एकदा वाजवायचे, की घोडा कान टवकारून चालायला लागायचा. मी ऑर्केस्ट्रातला मुख्य वादक असल्यासारखा मिरवायचो.

धाकटीला मात्र माझी काही किंमत नव्हती. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने माझी मासे पकडायची काठी केली, पतंग सोडवायचा आकडा केला, आणि एकदा तर घरातल्या नव्या कुत्र्याच्या पिल्लाशी माझी रस्सीखेच लावली. पिल्लू जिंकलं. माझं टोक त्याने चावून चावून शेवयांसारखं केलं.

वडिलांनी तिचा कान धरला आणि सांगितलं, "स्वतः जा, स्वतः दुरुस्त करून आण."

ती मला कडेवर घेतल्यासारखी घेऊन दुकानात गेली आणि स्टुलाशेजारी ठाण मांडून बसली. खोगीरवाल्याने चावलेला भाग कापला, नवं टोक जोडलं आणि मेणाच्या दोऱ्याच्या तीन गाठी मारल्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, एकीखाली एक.

"तीन कशाला?" धाकटीने विचारलं.

"एक सुटली तर दुसरी आहे, दुसरी सुटली तर तिसरी."

"आणि तिसरी सुटली तर?"

"तर तू पुन्हा येशील. तुझ्याकडे कुत्रं आहे ना!"

त्या तीन गाठी कधीच सुटल्या नाहीत. मित्रांनो, माझ्यासारखे चाबूक शेकड्याने सापडतील. पण टोकाला तीन गाठी असलेला मी एकटाच. तेव्हा मला वाटायचं ही आपली शोभा आहे.

वर्षं गेली. वडील गेले. धाकटी शिकायला बाहेर गेली आणि जनावरांची डॉक्टर होऊन आली. थोरल्याने तबेला सांभाळला, आणि मी त्याच्या हातात आलो. आता थोरल्याला सगळे 'कप्तान' म्हणायचे. तो कुठल्याही फौजेत नव्हता. पण त्याच्याकडे मिशी होती, गुडघ्यापर्यंतचे चकचकीत बूट होते, आणि बोलताना तो समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा. तेवढ्यावर लोक कप्तान करतात.

आमच्याकडे दरवर्षी रानवाटेची घोडेस्वारी व्हायची. ही शर्यत नव्हे हं. चाळीस किलोमीटर डोंगरातली वाट, वाटेत ओंडका, अरुंद पूल, फाटक, आणि शेवटी, जिथून निघालो त्या तळापासून पाच मिनिटांवर एक ओढा. पहिला कोण आला याला इथे कवडीची किंमत नाही. ज्याचा घोडा वेळेत येतो, शांतपणे अडथळे पार करतो आणि परत येतो तेव्हा ताजातवाना असतो, तो जिंकतो. प्रत्येक अडथळ्यापाशी एक परीक्षक वही घेऊन बसलेला. म्हणजे परीक्षा घोड्याची. पण निकाल ऐकताना छाती मात्र स्वाराची फुगते, ती गोष्ट वेगळी.

कप्तानाने लागोपाठ चार वर्षं करंडक जिंकला. कसा, ते सांगतो. जुने मुख्य परीक्षक फार दिलदार गृहस्थ होते. ते आधी बूट बघायचे, मग मिशी बघायचे, आणि वेळ उरला तर घोडा बघायचे. एकदा त्यांनी कप्तानाच्या घोड्याला 'चाल डौलदार' असा शेरा दिला तेव्हा घोडा झाडाला बांधून गवत खात होता.

आणि मी? मी कप्तानाच्या हातात होतो. पहिल्या वर्षी त्याने मला वाजवलं. दुसऱ्या वर्षी नुसतं टेकवलं. तिसऱ्या वर्षी मारलं. मारायचं ते खोगिराखालच्या जाड फडक्याच्या आत, जिथे कुणाला दिसत नाही तिथे. घोडा दचकून उडी मारायचा, लोक म्हणायचे "काय चपळ जनावर आहे!", आणि मला वाटायचं, हे माझं कौतुक चाललंय. आज हे सांगताना माझ्या वेणीला पीळ पडतो. पण आत्मचरित्र लिहायचं तर नुसती पितळी बोंडाची चमक दाखवून चालत नाही.

पाचव्या वर्षी मात्र घोडं अडलं. दोन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे, करंडक फिरता होता, आणि पाच वेळा जिंकला की तो कायमचा घरी ठेवायचा, असा नियम होता. कप्तानाने आधीच सुताराकडून त्यासाठी फळी करून घेतली होती. फळी भिंतीवर लागली होती, तिच्यावर दिवा लागला होता, आणि दिव्याखाली काहीच नव्हतं. आई रोज तिच्यावर चष्मा ठेवायची आणि कप्तान रोज तो उचलायचा.

दुसरी म्हणजे, जुने परीक्षक गुडघेदुखीमुळे घरी बसले आणि मुख्य परीक्षक म्हणून कोण आली? आमची धाकटी.

आल्या आल्या तिने दोन नियम केले. चाबूक तळावर जमा करायचा. आणि घोड्याच्या अंगावर माराचा एक जरी वळ दिसला, तरी स्वार बाद.

कप्तान जेवताना म्हणाला, "बरं झालं बाई, घरातलंच माणूस आलं."

"दादा, घरातलं माणूस घरी. तिथे माझ्या हातात वही असणार."

"अगं हो, पण वही धरणारा हात कुणाचा? मी सायकल शिकवली त्या हाताला."

"आणि सायकलवरून पाडलंसही तूच," आई म्हणाली. "गप जेवा दोघं."

स्पर्धेच्या दिवशी चौदा घोडे आले. कप्तानाची घोडी मिरी. पांढरी, पण अंगभर काळे बारीक ठिपके, जणू कुणी तिच्यावर मिरपूड भुरभुरवलीय. स्वभावाने इतकी गरीब, की अंगावर माशी बसली तर शेपटी हलवायच्या आधी विचार करायची. कप्तानाने तळावर एक नवाकोरा चाबूक जमा केला आणि ऐटीत सही केली. तोवर मी कुठे होतो? मी कप्तानाच्या शर्टाच्या आत होतो. पाठीच्या कण्याला लागून, सरळ उभा. माझं पितळी बोंड कॉलरखाली, वेणी कमरेशी गुंडाळून पट्ट्यात खोचलेली. कॉलरच्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

आता वेताची मूठ पाठीला लावून कुणी घोड्यावर बसला, तर तो कसा बसेल? ताठ! कप्तान असा बसला की पुतळेही लाजतील. ओंडक्यापाशी परीक्षकाने लिहिलं, 'बैठक उत्तम'. पुलापाशी लिहिलं, 'बैठक आदर्श'. फाटकापाशी एक आजोबा आपल्या नातवंडाला म्हणाले, "बघ, असं ताठ बसावं. नाहीतर तू, मटारच्या शेंगेसारखा!" मित्रांनो, ते सगळे गुण खरं तर माझे होते. मला त्यातला एकही मिळाला नाही.

एकोणचाळीस किलोमीटरपर्यंत सगळं ठीक चाललं. मग ओढा आला.

ओढ्यावर परीक्षक होते गणिताचे निवृत्त मास्तर. माणूस सरळ, पट्टीसारखा. त्यांना घोड्यातलं काही कळत नव्हतं, पण वजाबाकी उत्तम यायची, आणि गुण कापायचं काम असल्यामुळे सगळ्यांना ते योग्यच वाटले. ऊन लागू नये म्हणून मास्तर पलीकडच्या काठावर घडीची खुर्ची मांडून बसले होते, आणि खुर्चीला बांधली होती त्यांची छत्री. लाल-पिवळ्या पट्ट्यांची, जेवणाच्या टेबलाएवढी. वारा आला की ती फडफड करून फुगायची आणि पुन्हा बसायची.

एका वेळी एकानेच ओढ्यात उतरायचं. मागच्याने झुडपांच्या आड थांबायचं. आमच्या पुढे बेकरीवाली होती. ती रोज पावाची गाडी ओढणारं तट्टू घेऊन आली होती. त्याचं नाव टोस्ट. आखूड पाय, गोल पोट, आणि कपाळावरच्या केसांमुळे त्याला समोरचं अर्धंच दिसायचं. पण त्या अर्ध्यातही छत्री दिसली. टोस्ट काठावर येऊन थांबला. चार पाय चार खुंट्यांसारखे रोवले.

बेकरीवाली खाली उतरली. टोस्टच्या तोंडाशी तोंड नेऊन तो काय बघतोय ते तिने बघितलं. मग हाक मारली, "अहो मास्तर, तेवढी छत्री मिटता का? घोडं घाबरतंय."

"परीक्षकाशी बोलायचं नाही," मास्तर म्हणाले. "पाच गुण कमी."

"पण छत्री..."

"दहा."

बेकरीवालीने टोस्टच्या मानेवर हात ठेवला आणि त्याच्या शेजारी नुसती उभी राहिली. नऊ मिनिटं. मास्तर मिनिटा-मिनिटाला लिहीत होते. शेवटी वारा पडला, छत्री थकल्यासारखी बसली, आणि टोस्ट डुबुक डुबुक करत पाण्यातून पलीकडे गेला. मास्तरांनी बेरीज केली आणि तिच्या नावापुढे जे लिहिलं, त्याला गुण म्हणायची लाज वाटावी.

मग आमची पाळी, सगळ्यात शेवटची. मिरी पुढे झाली, छत्री फडफडली, मिरी थांबली. कप्तानाने टाच मारली. मिरी थरथरली, पण हलली नाही. कप्तानाला घाम फुटला. त्याला पाणी दिसत होतं, मास्तर दिसत होते, घरातली ती रिकामी फळी दिसत होती. छत्री मात्र दिसली नाही.

"पाण्याला भितेस काय!" तो पुटपुटला. घोडी वळवून पुन्हा झुडपांच्या आड नेली, हात मागे घालून मला कॉलरमधून उपसलं, आणि फडक्याची मागची कडा वर करून तिच्याखाली मारलं. एकदा. दोनदा. तीनदा.

मित्रांनो, मी वाजलो नाही. वाजायला हवेत फिरावं लागतं. अंगावर बसलं की फक्त 'फट्' होतं, ओल्या कापडासारखं. मिरीने आवाजही काढला नाही. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मला खोगीरवाल्याचं ते वाक्य आठवलं.

पुढचं सगळं तीन सेकंदांत झालं. कप्तानाने मला पुन्हा पाठीत खुपसलं, आणि मिरी तोफगोळ्यासारखी सुटली. तिने ओढा ओलांडला नाही, ओढ्यावरून उडाली, ती थेट पलीकडच्या काठाजवळ पाण्यात आदळली. तिथून उडालेली लाट मास्तरांना लागली आणि मास्तर खुर्चीसकट अलगद ओढ्यात बसले. छत्री वर, मास्तर खाली, कमरेपर्यंत पाणी. पण वही त्यांनी डोक्यावर धरली होती. तशाच अवस्थेत त्यांनी पेन शोधलं आणि लिहिलं, 'पाणी ओलांडणे: अतिशय तत्पर. दहापैकी दहा.'

असे होते आमचे मास्तर. स्वतः बुडाले, पण गुण कोरडे ठेवले.

तळावर तंबूत डॉक्टर, म्हणजे आपली धाकटी, कानाला नळ्या लावून एकेक घोडा तपासत होती. कप्तान ताठ चालत आत आला. मागे पाच-पंचवीस लोक, फोटोवाला आणि आई.

धाकटीने मिरीच्या छातीला नळी लावली, घड्याळ बघितलं. "बहात्तर. एवढी विश्रांती झाली, तरी ठोके उतरले नाहीत. दादा, घोडी दमलेली नाहीये. घाबरलीय."

"पाणी होतं ना. नाजूक आहे ती."

धाकटीचा हात मिरीच्या पाठीवरून फिरत मागे गेला. खोगिराचं फडकं तिने उचललं. मिरीची कातडी शहारली. तिथे तीन वळ होते, बोटाएवढे जाड.

तंबूत कुजबुज झाली.

"काटे लागले," कप्तान म्हणाला. "त्या ओढ्यापाशी झुडपं आहेत ना, भयंकर काटे."

धाकटी वाकून वळांच्या टोकांकडे बघत राहिली. प्रत्येक वळाच्या शेवटी तीन बारीक ठिपके होते. ज्वारीच्या दाण्याएवढे, एकाखाली एक. मिरीच्या अंगावर ठिपके काही कमी नव्हते, दुसऱ्या कुणाला ते कळलेही नसते. पण धाकटीने त्या गाठी बांधताना बघितल्या होत्या. तिने हळूच आपल्या कानाची पाळी चोळली.

"दादा," ती सावकाश म्हणाली, "खूर दाखव."

नियमच होता तसा. तपासणीत स्वाराने स्वतः वाकून घोड्याचे चारही खूर उचलून दाखवायचे. तेरा जणांनी दाखवले होते.

आता पाठीत मी, वेताचा, एक इंच न वाकणारा. कप्तानाने गुडघे दुमडले. पाठ सरळच. तो लिफ्टसारखा सरळ खाली गेला आणि सरळ वर आला. खूर जागच्या जागी. पुन्हा खाली, पुन्हा वर. फोटोवाल्याला वाटलं व्यायाम चाललाय, त्याने दोन फोटो काढले.

"वाक की रे जरा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"माझ्या घराण्यात कुणी वाकत नाही," कप्तान म्हणाला.

"तुझ्या घराण्यात मीच आहे," आई पुढे येत म्हणाली, "आणि मी सकाळपासून वाकूनच केर काढलाय. दमलं गं पोर! चाळीस किलोमीटर म्हणजे काय थट्टा आहे?" आणि तिने मायेने त्याच्या पाठीवर थाप मारली.

ठक्!

आईने हात झटकला. पुन्हा थाप मारली. ठक्!

"अगं बाई," ती म्हणाली, "तुझी पाठ लाकडाची कधी झाली?"

त्या दुसऱ्या थापेने कमरेशी खोचलेली माझी वेणी सुटली, शर्टाखालून घरंगळली आणि कप्तानाच्या मागे शेपटीसारखी लोंबायला लागली. टोकाला माझ्या तीन गाठी डुलत होत्या. लोक हसता हसता तंबूच्या दोऱ्यांना अडखळले. आईने मात्र न हसता कॉलरमध्ये हात घातला, पितळी बोंड धरलं आणि विहिरीतून बादली काढावी तसं मला वर ओढून काढलं.

धाकटीने मला हातात घेतलं. इतक्या वर्षांनी. माझं टोक तिने मिरीच्या अंगावर वळाच्या शेजारी ठेवलं. मारलं नाही, नुसतं टेकवलं. तीन गाठी, तीन ठिपके. दुसऱ्या वळाशी, तीन गाठी, तीन ठिपके. तिसऱ्याशीही तेच.

हसणं थांबलं.

मी आयुष्यात इतका ताठ कधी उभा राहिलो नव्हतो, आणि त्या क्षणी तर मी आडवा होतो. माझ्या मालकाविरुद्ध मी साक्ष दिली, मित्रांनो, आणि एक शब्दही खोटा बोललो नाही. तो माझा अभिमान आहे.

धाकटीने वही उघडली. पेनाचं टोपण काढलं.

"ताई," कप्तान हळू आवाजात म्हणाला. घरी तो तिला कधी ताई म्हणत नसे. "पाचवं वर्ष आहे. फळी लावलीय मी."

"माहितीय. मीच पुसते ती."

"एवढं एक वर्ष. पुढच्या वर्षी तू म्हणशील ते."

"दादा, आज तुझ्या जागी ती बेकरीवाली असती, तर मी काय लिहिलं असतं?"

कप्तानाने मान खाली घातली. आता ती वाकत होती.

तिने लिहिलं, 'बाद'. आणि खाली सही केली, वळणदार, एकही अक्षर न हलता. आईने पदराने डोळे पुसले आणि लोकांकडे वळून म्हणाली, "काय बघताय? दोघंही माझीच आहेत."

इथे एखाद्याने वही मिटली असती. पण धाकटीने पान उलटलं आणि ओढ्याचे गुण वाचले. मग तिने मास्तरांना बोलावलं. मास्तर आले, त्यांच्या खिशातून पाणी गळत होतं.

"मास्तर, चौदापैकी अकरा घोडे ओढ्यात अडले?"

"अकरा. मिरी धरून बारा. बाराव्याने नंतर प्रगती केली."

"एवढे घोडे एकदम पाण्याला कसे घाबरतील? ते रोज पाणी पितात."

मास्तर विचारात पडले. गणित बरोबर होतं, पण उत्तर चुकत होतं. हे त्यांना सहन होईना.

धाकटीने मिरीचा लगाम धरला आणि ती ओढ्याकडे चालायला लागली. तिच्या मागे मास्तर, मागे सगळा तंबू, सगळ्यात शेवटी कप्तान. काठावर छत्री पुन्हा उभी होती, वाळत. मिरी थांबली. पाय रोवले. धाकटीने तिच्या तोंडाशी तोंड नेलं आणि ती काय बघतेय ते बघितलं, अगदी बेकरीवालीने बघितलं होतं तसं.

"मास्तर, छत्री मिटा."

छत्री मिटली. मिरी दोन पावलं पुढे गेली, पाण्यात उतरली, मधोमध उभी राहिली आणि खाली मान घालून निवांत पाणी प्यायला लागली. फार वेळ प्यायली.

"मला वाटलं ती पाण्याला..." कप्तान म्हणाला.

धाकटीने तिथेच जाहीर केलं, ओढ्याचे गुण सगळ्यांचे रद्द. चूक घोड्यांची नाही, परीक्षकांची आहे. मास्तर म्हणाले, "नियमात छत्रीचा उल्लेख नाही." ती म्हणाली, "म्हणून तर ती तिथे नको होती." मास्तरांनी ते वाक्य मनात दोनदा तपासून पाहिलं, मग ओल्या गवतावर बसून सगळ्यांची बेरीज नव्याने केली. आणि शेवटी स्वतःचं नाव लिहून त्यापुढे शून्य घातलं, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

नव्या बेरजेत टोस्ट पहिला आला. ठोके अठ्ठेचाळीस, अंगावर ओरखडा नाही, चारही खूर स्वच्छ. बेकरीवालीने करंडक उचलला तेव्हा टोस्टने त्यात तोंड घातलं, काही खायला मिळतंय का बघायला, आणि ते आत अडकलं. फोटोत पहिल्या क्रमांकाच्या घोड्याला तोंडच नाहीये. तो फोटो अजून बेकरीत लावलेला आहे.

कप्तान घरी गेला आणि दोन दिवस फळीवरचा दिवा लावला नाही. तिसऱ्या दिवशी आईने चष्मा फळीवर ठेवला आणि तो त्याने उचलला नाही. पुढच्या वर्षी तो मिरीला घेऊन आला, हातात काही नाही, पाठीत काही नाही, आणि अगदी मटारच्या शेंगेसारखा बसला होता. तिसरा आला. धाकटीने त्याचे दोन गुण कापले, मिरीच्या एका खुरात खडा राहिला होता म्हणून. तो तिच्याशी संध्याकाळपर्यंत भांडला, पण खडा त्याने स्वतः वाकून काढला.

आणि माझं ते काम? सांगतो आता.

त्या दिवसापासून मी परीक्षकांच्या पेटीत असतो. वर्षभर अंधारात, वह्यांच्या खाली. वर्षभर मला कुणी विचारत नाही. पण स्पर्धेच्या सकाळी मास्तर पेटी उघडतात, मला तेल लावतात, ओढ्यावर नेतात आणि माझी वेणी त्या लाल-पिवळ्या छत्रीभोवती तीन वेढे देऊन घट्ट आवळतात. वारा कितीही सुटू दे, मी ती उघडू देत नाही. मास्तर उन्हात बसतात, टक्कल भाजून घेतात आणि एकेक घोडा शांतपणे पाण्यातून जाताना मोजतात. त्यातला प्रत्येक घोडा मी न मारता पलीकडे नेलेला असतो. सांगा, आहे का असा दुसरा चाबूक?

म्हणून मित्रांनो, जाता जाता एवढंच. घोडा अडेल, बैल अडेल, कधी शेजारच्या बाकावरचा मित्रही अडून बसेल. हात उगारायच्या आधी त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन, तो कुठे बघतोय ते बघा. कुठेतरी एखादी छत्री उघडी असते. आधी ती मिटा. बांधायला काही नसेल, तर मला निरोप धाडा.